शेवरलेट, आहे त्या स्थितीत

विकणे आहे. १९३९ची शेवरलेट, उघड्या टपाची, रंग मोतिया. मूळ इंजिन, मूळ चाकं, चालू. छत्तीस वर्षं एकाच हातात. अडतीस लाख. आहे त्या स्थितीत. नुसतं बघायला येणाऱ्यांनी त्रास घेऊ नये.

*

पांढऱ्या रांगोळीची रेघ गाडीच्या पुढच्या चाकापासून सरळ मागं जाते. हातभर अंतरावर बाहेर वळते, तीन बाजूंचा चौकोन करते, परत आत येते आणि सरळ निघून जाते. चौकोनात काही नाही.

*

"ऐतवारी सकाळी माझी मेथीची वझी त्या गाडीच्या मागल्या शिटावर असायची. मी म्हणायची, आबा, चिखल लागंल की. तर म्हणायचा, धोंडुमावशी, गाडी धुता येती, ऐतवार परत येत न्हाय."

*

मयताच्या उजव्या हातात लोखंडी दोन तोंडी पाना, नग एक. त्यावर चौदा व पंधरा असे आकडे. डाव्या हाताजवळ टॉर्च, चालू स्थितीत.

*

खंडेनवमीला हत्यारं धुवायची, पुसायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं. एकदा पुजली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या दिवशी सुतार करवत उचलत नाही आणि गॅरेजवाला पाना उचलत नाही, दारात गाडी बंद पडली तरी.

गाडीचा प्रकार व ठावठिकाणा

अमरसिंह इंगवले बुधवारी, खंडेनवमीच्या सकाळी, स्वतःच्या गाडीखाली चिरडून मेले. वय एकाहत्तर. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना आबा म्हणत. मुलगा विश्वजित दाराच्या तोरणासाठी झेंडूची फुलं घेऊन साडेदहाला परतला, तेव्हा शेडच्या दारातून त्याला फक्त आबांच्या पायांचे तळवे दिसले.

गाडीची पुढची बाजू जॅकवर उचललेली होती आणि जॅक बसला होता. आदल्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, गाडी वर घेतली होती ख्वाजा मिस्त्रीनं. गिअरबॉक्समधून तेल गळत होतं. जॅकवर गाडी घेतली की चासीखाली दोन बाजूंना बाभळीचे दोन ठोकळे लावायचे, म्हणजे जॅकनं दगा दिला तरी गाडी ठोकळ्यांवर राहते. ते दोन्ही ठोकळे भिंतीला टेकवून ठेवलेले सापडले.

फौजदार हंबीरराव साळोखे यांनी दुपारच्या चहाआधी प्रकरण मिटवलं. ख्वाजानं ठोकळे लावलेच नाहीत. म्हाताऱ्याला दम निघाला नाही, तो पाना घेऊन खाली शिरला, जॅक सुटला. धोका माहीत असूनही गाडी तशी सोडणारा माणूस दोषी. सदोष मनुष्यवध. चौसष्ट वर्षांच्या ख्वाजाला गल्लीतल्या पोरांसमोरून चालवत नेलं.

शुक्रवारी सकाळी स्वप्नाली चौगुले शेडमध्ये शिरली ती खुनासाठी नव्हे. ती मोटारींची सर्व्हेअर होती. विम्याचे दावे तपासणं आणि जुन्या गाड्यांची किंमत ठरवणं, एकोणीस वर्षं तिचं पोट त्यावर होतं. जुन्या गाड्यांचा दलाल सम्राट यानं तिला बोलावलं होतं. हैदराबादच्या गिऱ्हाइकाला लेखी किंमत हवी होती. शनिवारी दुपारी बारा वाजता ट्रक येणार, गाडी चढणार, शेड धुऊन काढणार.

शेडच्या बाहेर ख्वाजाची बायको नजीरा उभी होती. तिनं स्वप्नालीची वाट अडवली नाही. नुसती बाजूनं चालत राहिली.

"ताई, तुमाला इंजिन वाचायला कुणी शिकिवलं?"

"चाचांनी."

"मग त्यांनी ठोकळं लावलं न्हाईत, असं तुमाला वाटतं व्हय?"

"मला काय वाटतं त्यानं कोठडीचं दार उघडत नाही, चाची."

"न्हाय उघडत," नजीरा म्हणाली. "पण उद्या बाराला गाडी गेली, फरशी धुतली, की मग कुणालाच काय वाटून उपेग न्हाय."

बाहेरील स्थिती

सम्राट पन्नाशीचा, बोटात तीन अंगठ्या, हातात सतत फोन.

"मॅडम, पत्र्याला डाग न्हाय लिवा. पुढच्या मडगार्डावर कायतरी उडलंय, ते मी पुसून घेतो."

"काय उडलंय ते तुम्हाला माहीत आहे."

"म्हणून तर पुसतोय की." तो हसला नाही. "हे बघा, मला आबांचं वाईट वाटतं. बारा वर्षं मी त्यांच्या मागं लागलोतो. पंधरा लाखापासनं सुरुवात केलती. प्रत्येक वेळी चहा पाजायचे, गाडीत बसवून रंकाळ्याला चक्कर मारून आणायचे आणि न्हाय म्हणायचे. गाडी म्हणजे लोखंडात अडकलेला पैसा, हे त्या माणसाला कधी कळलंच न्हाय."

"आणि तुम्हाला चक्कर आवडायची?"

सम्राटनं फोनवरची नजर काढली. "आवडायची की. म्हणून तर बारा वर्षं येत राहिलो. पण आवडण्याला गिऱ्हाईक न्हाय, मॅडम."

"बुधवारी सकाळी कुठं होता?"

"हुपरीत. मेव्हण्याकडं. चांदीच्या भट्टीची पूजा. चाळीस माणसं हुती, इचारा जावा."

स्वप्नाली गाडीच्या उजव्या अंगाला वाकली. डावीकडची रांगोळी आबांना ओढून काढताना पुसली गेली होती. उजवीकडची शाबूत होती. तिनं ती रेघ पाहिली, आतला रिकामा चौकोन पाहिला, आणि टेपनं मोजला. मग भिंतीजवळचा ठोकळा मोजला.

तिनं फोटो काढले. सम्राटला वाटलं, ते टायरचे आहेत.

यांत्रिक स्थिती

कोठडीच्या गजाआड ख्वाजा भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याचे हात स्वच्छ होते. स्वप्नालीनं ते कधीच स्वच्छ पाहिले नव्हते.

"चाचा, मंगळवारी काय केलं, सांगा. सगळं."

"गाडी वर घेतली. ठोकळं दिलं. जॅक तसाच ठिवला. सहा वाजलं. आबासाहेब म्हणालं, ख्वाजा, आता उद्या खंडेनवमी, परवा दसरा, काम शुक्रवारी. मी म्हणालो, व्हय. घरी गेलो. बुधवारी मी माझी हत्यारं पुजली आणि गॅरेजला कुलूप घातलं."

"तुम्ही पुजता?"

"माझ्या वस्तादानं, पांडू मिस्त्रीनं, पहिला पाना दिला तो खंडेनवमीलाच पुजायला दिला. चाळीस वर्षं झाली. साळोखेसाहेब हसलं मला. म्हणालं, ख्वाजा, तुझी कसली खंडेनवमी? मी म्हणालो, साहेब, पान्याला इचारा."

"आबा एकटेच पाना घेऊन खाली गेले असतील?"

"खंडेनवमीला?" ख्वाजानं मान हलवली. "आणि ठोकळं बघितल्याबिगर तर ते कधीच गेलं न्हाईत. पण घरातलंच माणूस बोलवत असलं, तर कोण वाकून बघतंय, पोरी?"

बोलून झाल्यावर तो घाबरला. "मी कुणाचं नाव घेतलं न्हाय हां."

"नाही घेतलं."

बाहेर हंबीरराव टेबलावर पाय पसरून बसले होते.

"साहेब, आबांच्या हातातला पाना बघायला मिळेल?"

"कशाला? त्याची पण किंमत काढणार?"

"हो."

त्यांनी पिशवी पुढं सरकवली. तिनं पाना पाहिला. चौदा आणि पंधरा. मिलिमीटर.

मालकी

विश्वजित छत्तीस वर्षांचा, बापाच्याच वयाचा वाटत होता. डोक्यावरचे केस काढलेले. समोर चहा निवत होता. दहाव्याआधी गाडी विकतोय म्हणून भावकी बोलत होती, ते त्याच्या कानावर आलेलं दिसत होतं.

"सगळ्यांना वाटतं मला घाई हाय," तो म्हणाला. "पण मी ती गाडी कशी बघू रोज? तुम्ही सांगा."

"तुम्ही कधी तिच्यावर काम केलंय? बॉनेट उघडून?"

"मी? कधीच न्हाय. रविवारी माझी मॅच असायची, आबा ख्वाजाबरोबर गाडीखाली. माझी दहावी, आबा गाडीखाली. गाडीला काय झालं तर घर जागं. मला ताप आला तर गोळी." त्यानं चहाचा कप फिरवला. "लोकांना ती गाडी म्हणजे गंमत वाटायची. आम्ही त्या गमतीच्या घरात राहायलो."

"बुधवारी फुलं आणायला किती वाजता गेला?"

"नऊला. बाजारात गर्दी. साडेदहाला आलो."

आत स्वयंपाकघरात त्याची बायको संयोगिता एकटी होती. ताट वाढलेलं होतं, ती जेवत नव्हती.

"बुधवारची रांगोळी तुम्ही काढली?"

"हो. सातला. आबा हत्यारं मांडत होते, मी गाडीभोवती रेघ ओढली. आबांना सगळ्या गाडीभोवती लागायची, नुसती पुढं चालायची नाही."

"नंतर शेडमध्ये गेला होता?"

"नाही. मला आत जाऊ दिलं नाही कुणी. बायकांनी बघू नये म्हणाले." ती थांबली. "का?"

"आबा गाडीचं काय करणार होते?"

संयोगितानं दाराकडं पाहिलं. मग हळू आवाजात सांगितलं. सोमवारी जेवताना आबा म्हणाले होते, दसऱ्याला गाडी ख्वाजाच्या नावावर करणार. कागद आणून ठेवलेत.

"आणि हे?"

"हे जेवत राहिले. दोनदा भात घेतला."

बाजारभाव

शनिवारी सकाळी दहा वाजता शेडमध्ये पाच माणसं होती. हंबीरराव, कारण स्वप्नालीनं फोनवर सांगितलं होतं, पंचनाम्यात एक चूक आहे आणि ती तुमच्याच हातानं सुधारली तर बरं. सम्राट, कारण ट्रक निघाला होता. विश्वजित. संयोगिता, त्या दिवसानंतर पहिल्यांदाच शेडमध्ये. आणि स्वप्नाली.

"लवकर आटपा," हंबीरराव म्हणाले. "मला बंदोबस्त हाय."

"वहिनी, ही रेघ अशी का वळवली?"

संयोगितानं खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"इथं ठोकळा होता," ती म्हणाली. "बाहेर आला होता. म्हणून त्याच्या कडेनं काढली. पलीकडं पण तसंच."

सम्राटचा फोन वाजला. त्यानं तो बंद केला.

"बुधवारी सकाळी सातला ठोकळे गाडीखाली होते," स्वप्नाली म्हणाली. "मोजा साहेब, चौकोनात ठोकळा बसतो. ख्वाजाचाचा मंगळवारी सहाला गेले. म्हणजे त्यांनी ठोकळे लावले होते. ते कुणीतरी रेघ न मोडता उचलून काढले, बुधवारी, सात ते साडेदहाच्या मध्ये."

"ख्वाजानंच परत येऊन काढलं असतील."

"मग मारणाऱ्यानं आबांच्या हातात पाना का दिला, ते बघू. आबा पाना घेऊन खाली गेले नव्हते. तो पाट बघा."

कोपऱ्यात पाट होता. त्यावर तेवीस हत्यारं, लहान ते मोठं, ओळीनं. प्रत्येकावर हळद, कुंकू, सुकलेलं झेंडूचं फूल. एकही जागा रिकामी नव्हती.

"पुजलेलं हत्यार आबा त्या दिवशी उचलणार नाहीत. ते टॉर्च घेऊन नुसते बघायला गेले. कुणीतरी म्हणालं असेल, तेल जास्तच गळतंय, बघा जरा. ठोकळे आधीच काढलेले. आबा आत गेले, मग त्यानं जॅकची किल्ली फिरवली. जॅक गाडीखाली होता, तो पूजेत नव्हता. मग काम करताना जॅक सुटला, हे सगळ्यांना पटावं म्हणून हातात पाना."

"मग?" गाडीला टेकलेले हंबीरराव सरळ उभे राहिले.

"गाडी अमेरिकेची आहे. तिचा एकेक बोल्ट इंचात. गिअरबॉक्सच्या बोल्टला नऊ सोळांश इंचाचा पाना लागतो. हा आहे चौदा-पंधरा मिलिमीटरचा. चौदाचं तोंड बोल्टवर चढत नाही, पंधराचं गोल फिरतं. मी काल लावून बघितला, तुमचा हवालदार समोर होता. ख्वाजाचाचा हा पाना झोपेतसुद्धा उचलणार नाहीत. सम्राटशेठही नाहीत."

"शक्यच न्हाय," सम्राट म्हणाला. मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि तो विश्वजितपासून एक पाऊल बाजूला झाला.

"बरोबर पाना इथंच होता. दोन हातांवर, पाटावर. तो उचलला असता तर पान्यावरून मला काहीच सापडलं नसतं. परक्या चोरानं उचलला असता. पण ज्यानं हे केलं, त्याला लहानपणापासून सांगितलं होतं, पुजलेल्याला हात लावायचा नाही. त्यानं ठोकळे काढले, जॅक सोडला, आणि कुंकवापाशी त्याचा हात थांबला. म्हणून तो बाहेर गेला आणि मिळेल तो पाना घेऊन आला."

रस्त्यावरून रिकाम्या दुधाच्या कॅनचा टेम्पो गेला.

संयोगिता शेडबाहेर गेली. विश्वजितची मोटारसायकल अंगणात उभी होती. तिनं बाजूचं झाकण उघडलं, आतली रेक्झिनची पिशवी आणली आणि हंबीररावांच्या हातात दिली. पिशवीत पान्यांना पाच खण होते. चार भरलेले.

"संयोगिता," विश्वजित म्हणाला.

ती म्हणाली, "मी रांगोळी काढत होते तेव्हा तुम्ही दारात उभं राहून बघत होता. मला वाटलं, रांगोळी बघताय."

विश्वजित गाडीच्या पायरीवर बसला. त्याच गाडीच्या.

"मी विचारलं त्यांना. बुधवारी सकाळी, शेवटचं. म्हणालो, आबा, मला का न्हाय? ख्वाजा कोण तुमचा? तर म्हणाले, तू विकशील. तो विकणार न्हाय." त्यानं तळहात गुडघ्यांवर पुसले. "एवढंच. ओरडले पण न्हाईत. आणि अर्ध्या तासानं, काय झालंच न्हाय असं, जरा टॉर्च आण म्हणाले."

"तेलाचं कुणी सांगितलं?" हंबीररावांनी विचारलं.

"मी. नेहमीसारखं..." तो अडखळला. "घरातल्यासारखं सांगितलं. जेवायला या म्हणतो तसं."

बारा वाजता ट्रक आला आणि रिकामा परत गेला.

शेरा

ख्वाजा सोमवारी सुटला. घरी जाण्याआधी तो पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगणात गेला. शेवरलेट तिथं होती, मुद्देमाल म्हणून, पकडलेल्या वाळूच्या ट्रकांच्या आणि जळक्या रिक्षाच्या मध्ये. खेचून आणताना तिचा टप फाटला होता. पुढच्या काचेवर खडूनं गुन्हा क्रमांक लिहिला होता.

"साहेब, ताडपत्री तरी घालतो. माझी हाय, नवीन हाय."

हंबीररावांना त्याच्या डोळ्यांत बघता येत नव्हतं. "न्हाय, ख्वाजा. मुद्देमालाला हात लावता येत न्हाय. निकाल लागंस्तोवर."

"कधी लागंल?"

"आठ वर्षं धर. दहा धर."

ख्वाजा कुंपणाजवळ उभा राहिला. त्याला गाडीच्या चारही चाकांतली हवा किती उतरली आहे ते तिथूनच सांगता येत होतं. नजीरा रिक्षा थांबवून वाट बघत होती.

पुढच्या रविवारी धोंडुबाई मेथीची वझी घेऊन गडमुडशिंगीच्या फाट्यावर एस.टी.साठी उभी राहिली. कंडक्टरनं वझ्याचं तिकीट मागितलं.

संयोगितानं शेडला कुलूप घातलं. पाट आत तसाच आहे. उत्तरपूजा कुणी केली नाही, त्यामुळे त्या तेवीस हत्यारांना अजून कुणी हात लावलेला नाही.

सम्राटचा स्वप्नालीला एकच फोन आला. "मॅडम, तुमची फी पाठवली. आणि त्या अहवालाचं काय केलं?"

"पाठवला न्यायालयात."

"किमतीच्या रकान्यात काय लिहिलं?"

"आज उभी आहे तशी, की आबा चालवत होते तशी?"

"आज उभी हाय तशी."

"साडेचार लाख. दर पावसाळ्याला निम्मी."

"आणि दुसरी?"

"त्याला रकाना नाही," स्वप्नाली म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

विश्वजितला गाडी चालवायला ख्वाजानं शिकवलं, २००७च्या मे महिन्यात, राधानगरीच्या रस्त्यावर, याच शेवरलेटमध्ये.